बंदूक, दुर्बीण, कान

पक्षी ओळखायचं पुस्तक झोळीत टाकून रानात जायची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. जेर्डनचा ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ १८६२ ते १८६४ या काळात निघाला, तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो पाडायचा. त्या काळातल्या जाडजूड खंडांमधली वर्णनं हातात घेतलेल्या मेलेल्या पक्ष्यासाठी असत: पंख किती इंच, पायाची नळी केवढी, शेपटीची पिसं किती. फांदीवर बसलेल्या जिवंत पक्ष्यापुढे ती निरुपयोगीच. १९२८ साली ह्यू व्हिसलरने सर्वसामान्य वाचकासाठी हँडबुक काढलं, आणि १९४१मध्ये सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली ती या पुस्तकांमुळे.

अलींनी एक साधी गोष्ट केली. मोजपट्टी बाजूला ठेवून त्यांनी चिमणी, बुलबुल, मैना, कबुतर, कावळा, घार हीच मापं धरली. नवा पक्षी दिसला की तो बुलबुलाहून मोठा की मैनेहून लहान, एवढं आधी ठरवायचं. जोडीला तो कुठे राहतो आणि काय करतो याच्या चार ओळी. माळ, तळं, गावकुस, बाग इथल्या पक्ष्यांना हे पुस्तक उत्तम पुरायचं; देशातल्या सगळ्या जाती दाखवण्याचा त्याचा दावाच नव्हता.

तिकडे अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने १९३४ साली चित्रांवर बाण काढून ठेवले होते: डोळ्याभोवतीचं कडं बघा, पंखावरचा पट्टा बघा. जगभरच्या पुस्तकांनी ती तऱ्हा उचलली. पण बाण लागू पडायला पक्षी नीट दिसावा लागतो. आंबोलीच्या किंवा कोयनेच्या सदाहरित रानात तो दिसतो खालून, उजेडाच्या विरुद्ध, पानांआड. त्यातून मिश्र थवा आला, तर काही मिनिटांत पाच-दहा जातींचे पक्षी डोक्यावरून निघून जातात आणि पान उलटेपर्यंत झाड रिकामं होतं. उष्ण कटिबंधातल्या रानात पुस्तकाची परीक्षा होते ती इथे.

१९८३मध्ये अली आणि डिलन रिप्ले यांचं ‘पिक्टोरियल गाइड’ निघालं आणि उपखंडातले सगळे पक्षी चित्ररूपात एका पुस्तकात आले. चित्रं बारीक, दाटीवाटीने मांडलेली, मजकूर जेमतेम. त्यामुळे नवशिक्याची एक खोड बळावली. चित्र जुळलं की पक्षी ओळखला, मग तो पक्षी फक्त ईशान्येकडे सापडणारा का असेना! ती खोड मोडली नकाशांनी. १९९८मध्ये ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचा मोठा ग्रंथ आला. २००० साली काझ्मिएर्चाकच्या पुस्तकात चित्रांसमोरच्या पानावरच नकाशे छापले गेले. आधी नकाशा, मग ऋतू, मग अधिवास आणि शेवटी चित्र, हा वाचनाचा क्रम जाणते पक्षीनिरीक्षक तेव्हापासून नव्यांना सांगत आले. चांगलं पुस्तक ‘हा कोण’ याआधी ‘इथे कोण असूच शकत नाही’ ते सांगतं.

मात्र नकाशा खरा हवा, आणि तो तर जुन्या नोंदींवरच बेतलेला. रानपिंगळ्याची कथा इथे सांगायलाच हवी. ह्यूमने १८७३ साली या घुबडाचं वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसनने १८८४मध्ये खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर त्याचा विश्वासार्ह पुरावा नव्हता. मध्ये एकच नोंद होती, कर्नल माइनर्ट्झहागेनची: १९१४, गुजरातेतलं मांडवी. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले, तेव्हा हा पक्षी चोरलेला आणि त्याला जोडलेली ठिकाण-तारखेची चिठ्ठी बनावट निघाली. ती नोंद खोडून त्यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग धरला. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्या चमूसमोर बसलेला होता, ११३ वर्षांनी. आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखाच दिसणारा. फक्त डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि पंख-शेपटीवरचे पट्टे ठळक.

त्याच रासमुसेन यांनी जॉन अँडर्टनसह २००५मध्ये ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’ काढलं आणि पुस्तकाला कान दिले. आवाजाचे आलेख, म्हणजे सोनोग्राम, चित्रांइतक्याच मानाने छापले गेले. पोटजाती समजल्या जाणाऱ्या अनेक पक्ष्यांना त्यात स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. आपल्या सह्याद्रीतला, छातीवर पिवळ्या रेघा असलेला व्हिगर्सचा शिंजीर त्यांपैकीच. आवाजाचं महत्त्व कळतं ते हिवाळ्यात. तेव्हा सह्याद्रीत उतरणारे ‘ग्रीनिश’ आणि ‘ग्रीन’ हे दोन पर्णवटवटे चित्रात जवळपास सारखेच. एकाची हाक दोन तुकड्यांची, दुसऱ्याची बहुधा तीन. चष्मा पुसून काही उपयोग नाही, ऐकावंच लागतं. आपल्या शेतकऱ्याला हे नवं नव्हतं. पावशा न दिसताच त्याने ‘पेर्ते व्हा’ ऐकून ओळखलेला असतो.

आता झोळीतलं पुस्तक खिशातल्या फोनमध्ये गेलंय. ‘झेनो-कँटो’वर २००५पासून जगभरचे आवाज जमा होताहेत, आणि कॉर्नेल विद्यापीठाचं ‘मर्लिन’ हे अ‍ॅप ठिकाण व तारीख विचारून संभाव्य पक्ष्यांची यादी पुढे ठेवतं, चाललेला आवाज ऐकून नावही सुचवतं. नकाशा, ऋतू, आवाज, चित्र हा पुस्तकांनी साठ-सत्तर वर्षांत कमावलेला क्रम यंत्राने एका झटक्यात उचलला. पण भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. पडद्यावर उमटलेलं नाव हा सुगावा, निकाल नव्हे. झाडाकडे बघणं चुकत नाही.

उलट फोनमुळे जबाबदारी वाढली आहे. ‘ई-बर्ड’ या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेली यादी पुढच्या नकाशांत जाते, देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे २०२० आणि २०२३चे अहवाल अशाच हौशी नोंदींवर उभे राहिले. म्हणजे पूर्वी डेव्हिडसनच्या चिठ्ठीला जे वजन होतं, ते आज कुणाही निरीक्षकाच्या यादीला आहे. त्या यादीत ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ अशी नोंद करायची सोय आहे. नवशिक्यांना ती कमीपणाची वाटते, म्हणून दोनांतलं एक नाव ठोकून दिलं जातं. रानपिंगळ्याच्या एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना किती वर्षं भलतीकडे पाहायला लावलं, हे आठवलं की ‘अनिश्चित’ लिहिताना हात अडखळत नाही.