कंबरेवरची रेघ

पहाटे ५:३०
सोमेश्वरनगर. कारखान्याचा हंगाम चालू आहे, हवेत मळीचा वास. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला एकामागे एक उभ्या. बारामतीच्या दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरच्या भाकऱ्या झाल्यात. मेथी डब्यात, मुलाचा डबा ओट्यावर वेगळा झाकलेला.

६:३५
बारामतीची एसटी. सिस्टरचं तिकीट अर्धं, २०२३ पासून बायकांना ती सवलत आहे. वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव. तेवढ्यात ती डोळे मिटून घेते. ड्यूटी आठ ते आठ. पगार १८ हजार, कापून हातात १६ हजार ४००.

८:००
आयसीयूत रात्रीच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती. चार नंबरच्या खाटेवर ४६ वर्षांचे गृहस्थ, स्वादुपिंडाला जबर सूज. दवाखान्याचा वजनकाटा १२० किलोपर्यंतच. त्यामुळे फाइलवर मुलानं सांगितलेलं वजन आहे, १४२.

या आजारात पोटात पाणी साठतं, आतडी फुगतात, पोटातला दाब वाढतो. वाढत गेला की लघवी कमी होते, श्वास तोकडा पडतो. सडपातळ माणसाचं पोट ताणलेलं डोळ्याला दिसतं. इथे डोळा आणि हात दोन्ही फसतात. पोट आधीच मोठं, वर चरबीचा जाड थर. मोजल्याशिवाय कळत नाही.

८:३०
सामान साधं. लघवीची नळी आधीच घातलेली आहे. तिला जोडायला थ्री-वे, सलाइनचा एक सेट, २५ मिली सलाइन आणि सेंटिमीटरची पट्टी. मूत्राशय पोटातच असतं, पोटातला दाब त्याच्यावर पडतो. नळीतलं पाणी जितकं वर चढेल तितका दाब.

खरं काम त्याच्या आधीचं. दुखणाऱ्या माणसाचं पोट आवळलेलं असतं आणि आकडा फुगतो, म्हणून वेदनेचं इंजेक्शन आधी दिलंय. खाट सपाट करायची, डोकं वर असलं तरी आकडा वाढतो. पण इतक्या वजनाच्या माणसाला सपाट झोपवलं की दम लागतो. म्हणून सगळी तयारी करूनच खाट खाली.

"दादा, दोनच मिनिटं. पोट सैल सोडा."

आता शून्य कुठे धरायचा? काखेच्या मध्यातून खाली येणारी रेघ कंबरेच्या हाडाला जिथे भेटते, तिथे. ते हाड बोटाला लागत नाही. मावशी पोटाची घडी उचलून धरतात, सिस्टर बोटं खोल दाबत हाड शोधते, मार्करनं आडवी रेघ ओढते. पट्टीचा शून्य त्या रेघेवर. चिमटा लावून पिशवीकडची वाट बंद, सलाइन आत, मिनिटभर थांबायचं. पाणी श्वासाबरोबर वरखाली होतं. श्वास पूर्ण सुटल्यावर खालचा आकडा धरायचा. २२ सेंटिमीटर. भागिले १.३६. पाऱ्याचे १६ मिलिमीटर.

चिमटा काढला, खाट वर. लघवीच्या हिशेबातून २५ मिली वजा. हे विसरलं तर मूत्रपिंडं बरी चालल्याचं खोटंच लिहिलं जातं.

१६ म्हणजे किती वाईट? २०१३ च्या जागतिक मार्गदर्शनात १२ पासून वाढलेला दाब धरतात. २० च्या वर टिकला आणि एखादा अवयव नव्यानं ढासळू लागला, तर धावपळ. पण इतकं वजन असलेल्या धडधाकट माणसाचाही दाब ९ ते १४ असू शकतो. यांचा नेहमीचा आकडा कुणीच कधी मोजलेला नाही. म्हणून एका आकड्यावर भागत नाही. तीच रेघ, तीच सपाट खाट, दर चार तासांनी.

१०:००
अंग पुसणं. चौघं जण चादरीला धरून कुशीवर वळवतात. पोटाखालची घडी कोरडी करायची, नाहीतर तिथे चिघळतं. रेघेवरून ओला बोळा फिरू द्यायचा नाही. पडदा पूर्ण ओढलेला. वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ही शिस्त मोजण्याइतकीच मोठी.

१२:३०
२५ सेंटिमीटर. म्हणजे १८. गेल्या तासाची लघवी २० मिली. ती फोन उचलते. डॉक्टर येतात, नाकातल्या नळीतून पोट रिकामं करायला सांगतात, सलाइनचा वेग कमी करतात, सोनोग्राफीनं पोटातलं पाणी बघतात. सुई घालून काढण्याजोगं आहे. काढायचं ठरतं.

१:५०
डबा. भाकरी कडक झालीय. दाराबाहेर पेशंटची बायको उभी. सकाळपासून दोन चहा, वीस रुपये, बाकी काही नाही. सिस्टर अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवते.

"ताई, मशीन लावलंय का त्यांना?"

"नाही. पट्टी लावतो. पोटातलं पाणी काढलंय, आता साडेचारला परत बघू."

४:३०
परत इंजेक्शन, परत सपाट. या वेळी दादा स्वतःच श्वास सोडून थांबतात. २१ सेंटिमीटर. १५. सिस्टर काही बोलत नाही, पुन्हा एकदा मोजते. २१च. मग लिहिते. लघवी तासाला ४५, पंचवीस वजा करून.

७:५०
रात्रीची सिस्टर आली. औषधं, सलाइन, आकडे सांगून झाले. घामानं रेघ पुसट झालीय. ही मार्कर काढते, रेघेवरून पुन्हा रेघ ओढते, आणि नव्या सिस्टरचं बोट धरून त्या रेघेवर टेकवते.

"हाड इथं आहे. साडेआठला इथूनच धर."