आराखडा कागदावर असतानाच दाखवा

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी तयार करणारे कितीतरी लहान कारखाने आहेत. वहीतला हिशेब संगणकावर आणून देणे हा संगणक शिकलेल्या आपल्या तरुणांसाठी चांगला धंदा आहे. मात्र यात एक चूक हमखास होते. तरुण महिनोन्‌महिने एकटा बसून प्रोग्राम लिहितो आणि सगळे पूर्ण झाल्यावरच तो दुसऱ्याला दाखवतो. तोवर दुरुस्ती महाग झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, २०२४ साली एकाने अशा कारखान्यासाठी बिलांचा प्रोग्राम लिहिला. स्टीलच्या भांड्यांवर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता. त्याने १२ हा आकडा प्रोग्राममध्ये जागोजागी लिहून टाकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के झाला. आता १२ चे ५ करून भागत नाही. तसे केले तर जुने बिल पुन्हा छापताना तेही ५ टक्क्यांचे निघेल. शिवाय दर बदलण्यापूर्वी विकलेला माल नंतर परत आला, तर त्याच्या क्रेडिट नोटला मूळ बिलाचाच दर लागतो. कारखानदाराचा हिशेब चुकतो आणि तरुणाचे गिऱ्हाईक जाते.

हाच आराखडा आधी एखाद्या अनुभवी प्रोग्रामरने पाहिला असता तर त्याने सांगितले असते, "दर वेगळ्या तक्त्यात ठेव, त्यापुढे तो लागू झाल्याची तारीख लिही, आणि प्रत्येक बिलासोबत त्या दिवशीचा दर नोंदव." कागदावर ही एका ओळीची दुरुस्ती होती.

गिऱ्हाईकाला विचारले की पुरे, असे काहींना वाटते. पण गिऱ्हाईक आपली गरज सांगतो. प्रोग्रामची आतली मांडणी उद्याचा भार पेलेल की नाही, हे समव्यवसायीच सांगू शकतो. दोघांनाही विचारले पाहिजे.

विचारण्याची रीतही आहे. आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ साली आराखडा तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत चार-पाच जण कागद आधी वाचून येतात, बैठक दोन तासांहून लांबवत नाहीत आणि बैठकीत फक्त चुका शोधतात. दुरुस्ती नंतर ज्याची त्याने करायची. लहान धंद्यात दोन मित्र आणि एक तास एवढ्यानेही काम भागते.

सोबत दोन पानांचा कागद न्यावा. प्रोग्राम कोण वापरणार, कोणकोणते तक्ते असतील, एका बिलाची नोंद कशी होईल आणि आपल्याला शंका कुठे आहे, हे त्यात लिहावे. "कसे वाटते?" असे विचारले तर "छान आहे" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे, "माल किलोवर विकला आणि डबे नगावर विकले, तर माझा हा तक्ता कुठे अडेल?" गिऱ्हाईकाची खरी नावे आणि भाव मात्र दाखवू नयेत, नमुन्याचे आकडे घालावेत. समोरचा बोलत असताना आपली बाजू मांडत बसू नये. लिहून घ्यावे.

कल्पना चोरीला जाईल, ही भीती अनेकांना असते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आपले काम अपुरे असतानाच इतर प्रोग्रामरांना कळवले आणि त्यांची मते मागवली. सूचना जरूर करा, पण प्रत्येक सूचना अमलात आणीनच असे नाही, हेही त्याने सांगून टाकले. त्याच कामातून पुढे लिनक्स उभे राहिले.

आमचे सांगणे एवढेच की सल्ला सर्वांचा घ्यावा, निर्णय आपण करावा आणि तो का केला हे कागदावर लिहून ठेवावे. पुढचा प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी एक संध्याकाळ यासाठी काढा. ती वाया जाणार नाही.