क्रीडोपचार आणि उपचारकाचा धर्म

औषध कडू असलें तरी तें घ्यावेंच लागतें, अशी जुनी समजूत आहे. परंतु उपचाराचा एक प्रकार असा आहे कीं, तो कडू झाला म्हणजे उपचारच राहत नाहीं. तो प्रकार म्हणजे क्रीडोपचार. जन्मतः, रोगानें अथवा अपघातानें ज्यांचें एखादें अंग वा इंद्रिय दुबळें झालें आहे, त्यांस खेळ, संगीत, बागकाम, पोहणें इत्यादि रंजक उद्योगांच्या द्वारें शरीराचें बळ, मनाचा उल्हास आणि चार माणसांत वावरण्याचें धैर्य मिळवून देणें, हें या उपचाराचें स्वरूप होय. नुसत्या करमणुकींत वेळ सुखानें गेला कीं काम झालें. क्रीडोपचारांत मात्र कोणास कोणता खेळ, किती वेळ व कोणत्या हेतूनें द्यावयाचा हें आधीं ठरवावें लागतें, आणि त्याचा परिणाम मागाहून तपासावा लागतो.

या उपचाराचें सामर्थ्य ठळकपणें दिसलें तें इंग्लंडांतील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयांत. नाझी छळामुळें जर्मनी सोडून आलेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनीं १९४४ सालीं तेथें पाठीचा कणा दुखावलेल्यांचा विभाग हातीं घेतला. त्यापूर्वीं असे रुग्ण फार दिवस जगावयाचे नाहींत, असेंच धरून चालत. अंथरुणास खिळल्यामुळें अंगास व्रण पडत आणि मूत्रमार्गाच्या विकारानें पुष्कळांचा अंत होई. गुटमान यांनीं कसोशीच्या शुश्रूषेबरोबर खेळासही उपचारांत स्थान दिलें. धनुष्य ओढल्यानें खांदे, दंड व पाठ बळकट होतात, बसल्या जागीं तोल सांभाळण्याची संवय लागते, आणि चाकांच्या खुर्चींत बसलेला मनुष्य उभ्या धनुर्धराशीं बरोबरीनें स्पर्धा करूं शकतो. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, तेथें १६ जायबंदी स्त्रीपुरुष सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पुढील पॅरालिंपिक सामन्यांचा उगम तोच. त्या सामन्यांत भारतास पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें तें महाराष्ट्राचे सैनिक मुरलीकांत पेटकर यांनीं. १९६५ च्या युद्धांत ते गोळ्या लागून जायबंदी झाले होते. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं तें जिंकलें.

साधन जितकें प्रभावी, तितकी तें वापरणाराची जबाबदारी मोठी. क्रीडोपचारकाच्या सर्व कर्तव्यांचें मूळ एका प्रश्नांत आहे: हा खेळ कोणाचा? तो खेळणाराचा आहे, उपचारकाचा नव्हे, संस्थेचा नव्हे आणि पाहणारांचाही नव्हे.

समजा, एखाद्या तरुणानें पाण्यांत उतरावें हें त्याच्या हिताचें आहे, असें उपचारकास पक्कें ठाऊक आहे. पण तरुण ‘नको’ म्हणतो. बळजबरी केली तर खेळाची कवाईत होते. ‘बरें’ म्हणून पाठ फिरविली तर कर्तव्यांत कसूर होते. अशा वेळीं नकाराचें कारण शोधणें हाच मार्ग. पाण्याचें भय असेल तर तें हळूहळू घालवितां येतें. अंगावरील व्रणांची लाज वाटत असेल तर निराळी वेळ ठरवितां येते. परंतु पोहणेंच आवडत नसेल, तर त्या नावडीचा मान राखून दुसरा खेळ पुढें केला पाहिजे. ज्यास बोलतां येत नाहीं, त्याचेंही ‘नको’ असतें. तोंड फिरविणें, मूठ आवळणें हीच त्याची भाषा. पालकांची संमति घेतली म्हणून मुलाच्या या नकाराकडे डोळेझांक करतां येत नाहीं.

दुसरें कर्तव्य ज्ञानाचें. सदिच्छेनें ज्ञानाची उणीव भरून निघत नाहीं. डाऊन सिंड्रोम असलेल्या कांहीं मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. त्यांस कोलांटी वा सूर मारावयास लावण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. कमरेखालीं संवेदना नसलेल्या खेळाडूस बसून बसून त्वचेस होणारी इजा कळत नाहीं. म्हणून खेळाच्या भरांतही त्याच्या अंगाचा भार मधून मधून हलविण्याची आठवण ठेवावी लागते.

तिसरें कर्तव्य सत्याचें. ‘हें कर, म्हणजे तूं चालूं लागशील’ असें खोटें आश्वासन देऊन मिळविलेला उत्साह उसना असतो. तो ओसरला म्हणजे रुग्णाचा उपचारावरील आणि उपचारकावरील, दोहोंवरील विश्वास उडतो. जें साधेल तेंच सांगावें. तें थोडें असलें तरी त्याचें मोल कमी नाहीं.

चौथें कर्तव्य प्रतिष्ठेचें, आणि तेंच वारंवार मोडतें. चाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या हातीं खुळखुळा देणें, पाहुण्यांसमोर टाळ्यांसाठीं नाचविणें, देणगीदारांस दाखविण्याकरितां न विचारतां छायाचित्रें काढणें, ज्याला पदक मिळण्याचा संभव त्यालाच चांगली खुर्ची देणें, हे सर्व प्रकार दयेच्या वेषांत येतात. दयेचा विषय होणें कोणासच आवडत नाहीं.

अमेरिकेंतील क्रीडोपचारकांच्या संघानें, जो १९८४ सालीं स्थापन झाला, आपल्या आचारसंहितेंत हित, स्वायत्तता, न्याय, सत्य, समजून दिलेली संमति व गुप्तता हीं तत्त्वें नमूद केलीं आहेत. भारतांतही दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ यानें सांस्कृतिक जीवन, मनोरंजन व क्रीडा यांसंबंधीं शासनावर कर्तव्यें घातलीं आहेत. म्हणजे खेळ ही आतां कृपा नव्हे, हक्क आहे.

तथापि कायदा मैदानाचें दार उघडूं शकतो. आंत काय घडतें हें उपचारकाच्या शीलावर अवलंबून आहे. त्याच्या यशाची कसोटी सोपी आहे. तो जवळ नसतां, कोणीं न सांगतां, त्याचा रुग्ण आपण होऊन चेंडू हातीं घेतो काय? घेत असेल, तर तो खेळ खरोखरच त्याचा झाला.