घरातली हातघाई आणि नियमाचा अर्थ

दिवाळीत आपल्याकडे मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. पण त्या किल्ल्यावर लढाई अशी होत नाही. मावळा जेथे ठेवला तेथेच उभा राहतो. युरोपात मात्र हा छंद नियमांनी बांधला गेला. १८२४ साली राइस्विट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने खेळावयाचा युद्धखेळ सैन्यापुढे ठेवला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई घरातल्या जमिनीवर आणली. आज तेथील प्रौढ माणसे टेबलावर डोंगर, नद्या, घरे मांडून तासन् तास हा खेळ खेळतात, आणि त्यांच्यात सर्वांत जास्त भांडण कशावरून होत असेल तर ते घरावरून. ते कसे, हे समजावून घेण्याजोगे आहे. कारण लिहिलेला नियम वाचावा कसा, हा प्रश्न त्यात उघडा पडतो.

उघड्या मैदानावर नियम सोपा असतो. दोन पुतळ्यांच्या बैठका एकमेकींना टेकल्या की हातघाई सुरू झाली. आता एक पक्ष घरात आहे असे समजा. चढाई करणारा म्हणतो, "माझा शिपाई भिंतीला टेकला, म्हणजे तुम्हांला टेकला." घरातला म्हणतो, "माझे शिपाई माडीवर आहेत. त्यांना कोण टेकले?" पुस्तकात शब्द आहे 'स्पर्श'. दोघेही त्याच शब्दाकडे बोट दाखवितात. शब्दाचा कीस पाडून हा तंटा मिटणार नाही, असे आम्हांला वाटते. आधी विचारावयाचे ते असे, की या खेळात एक पुतळा म्हणजे किती माणसे?

येथे थोडे गणित करू. पुतळा २८ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे माणसाचा सुमारे साठावा भाग. पण मोठी लढाई टेबलावर मावावी म्हणून जमिनीचे प्रमाण पुष्कळदा एकास हजार किंवा त्याच्या आसपास धरतात. पुतळ्याला शोभेलसे २० मीटर लांबीचे घर केले तर ते ३३ सेंटिमीटर होते, आणि टेबलावर ते ३३० मीटर जमीन अडवून बसते. ते एक घर नव्हेच. ती अख्खी वाडी झाली. अशा खेळात पुतळा वीस-तीस माणसांच्या जागी असतो, तेव्हा त्या घराच्या खिडक्या मोजत बसणे हास्यास्पद होय. तेथे भिंतीचा स्पर्श हाच स्पर्श. उलट, ज्या खेळात एक पुतळा म्हणजे एकच माणूस, तेथे खिडकी ही खिडकी आणि दार हे दार. तेथे भिंतीला टेकून कोणी कोणाला मारू शकत नाही. शब्द तोच, पण दोन ठिकाणी त्याचा अर्थ दोन प्रकारचा.

दुसरा तंटा आडोशाचा. भिंतीमागच्या माणसाला गोळी कमी लागते, म्हणून त्याला गोळीबारात सवलत असते. तीच सवलत हातघाईत द्यावी काय? पुस्तक गप्प असले की घरातला हटकून ती मागतो. यासाठी इतिहासाकडे पाहावे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे ला हे सेंत नावाच्या शेतवाडीत मेजर बेअरिंग सुमारे ४०० माणसांनिशी ठाण मांडून होता. आदल्या रात्री थंडीपावसात त्याच्या माणसांनी कोठाराचे दार शेकोटीत जाळले होते. दुसऱ्या दिवशी त्याच बिनदाराच्या तोंडाशी फ्रेंच पुनःपुन्हा आले आणि पडले. तोंड अरुंद, म्हणून एका वेळी थोडेच पुढे येऊ शकत. घरातल्याचा खरा फायदा हा. तो भिंतीच्या जाडीत नसून वाटेच्या अरुंदपणात आहे. संध्याकाळी दारूगोळा संपला आणि शत्रू आत घुसला, तेव्हा त्याच भिंतींनी कोणाचे रक्षण केले नाही. म्हणून दारात लढताना घरातल्याला सवलत द्यावी, आत लढताना देऊ नये, असे आमचे मत आहे.

आमच्या मीमांसकांनी उत्सर्ग आणि अपवाद असा भेद केला आहे: विशेष नियम सामान्याला बाधतो, पण तो जेवढ्यासाठी सांगितला तेवढ्यापुरताच. आडोशाची सवलत गोळीसाठी सांगितली, ती तलवारीला आपोआप लागू होत नाही. १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनानीने याहून पुढे जाऊन कोष्टके आणि फासे बाजूला सारावेत, अनुभवी पंचाने निकाल द्यावा, असे सुचविले. तोड उत्तम, परंतु असा पंच दर रविवारी कोठून आणावा? दोघेच खेळणार असतील तर त्यांनी फासे टाकण्यापूर्वीच प्रत्येक घराचे दार कोणते, आत किती माणसे मावतात, हे ठरवून घ्यावे. फासा पडल्यानंतर काढलेल्या अर्थावर कोणाचाच विश्वास बसत नाही, मग तो बरोबर का असेना.

राहिला तिसरा तंटा: चढाई करणारे जिंकले तर घर लगेच त्यांचे झाले काय? बहुतेक नियम होय म्हणतात. त्याच वॉटर्लूवर उगूमों येथे फ्रेंचांनी कुऱ्हाडीने उत्तरेकडचे दार फोडले आणि तीस-चाळीस जण आत शिरले. मॅकडोनेल आणि त्याच्या सोबत्यांनी अंगाच्या जोरावर दार पुन्हा लोटले, आडणा घातला, आणि आत कोंडलेले फ्रेंच मारले गेले. एक ढोलकी वाजविणारा पोरगा तेवढा वाचला अशी परंपरा आहे. 'जिंकला त्याचे घर' या नियमात ही घटना बसतच नाही. ती बसवावयाची तर हातघाई दोन पायऱ्यांनी खेळावी लागेल: पहिली दारात, आणि ती जिंकणारे जेवढे आत गेले तेवढ्यांचीच दुसरी, आत. बाहेरच्यांनी मदतीला यावयाचे ते दार उघडे असेल तरच, आणि ते लोटून घेण्याचा एक फासा घरातल्याच्या हाती राहील.