पार्ल्यात बिऱ्हाड मांडताना

बडोद्याच्या मराठी कुटुंबांना मुंबई कधीच परकी वाटली नाही. रात्री गाडीत बसावे, पहाटे बोरिवलीस उतरावे आणि मामाच्या, आत्याच्या नाही तर व्याह्यांच्या दारी सकाळच्या चहाला हजर व्हावे, हा परिपाठ कित्येक घरांत आजही चालू आहे. परंतु पाहुणा म्हणून चार दिवस राहणे निराळे आणि घर विकत घेऊन बिऱ्हाड मांडणे निराळे. गेले वर्षभर आमच्या घरी हाच विषय आहे. दांडिया बाजारातील आमचा वडिलोपार्जित वाडा भावाभावांच्या संमतीने विकला गेला आणि माझ्या वाटणीची रक्कम मुलाच्या मुंबईतील घरासाठी द्यावी असे ठरले. मुलाची नोकरी चर्चगेटला, सूनबाईंची अंधेरीला. समुद्राची हवा, नातवंडांना चालत जाता येईल अशी शाळा आणि मराठी शेजार, या तीन अटी घालून आम्ही शोध सुरू केला, तो विलेपार्ल्यापाशी येऊन थांबला. त्या निमित्ताने माझ्या पार्ल्याला पाचसहा खेपा झाल्या. अशाच विचारात असलेली घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून जे पाहिले आणि समजले ते येथे मांडतो.

बोरिवलीनंतरचे सातवे स्थानक म्हणजे पार्ले. रुळांच्या पूर्वेस जुने मराठी पार्ले. पश्चिमेस इर्ला, आणि त्यापलीकडे जुहूची चौपाटी. स्थानकापासून समुद्र अडीच-तीन किलोमीटरांवर. संध्याकाळी मुलांना वाळूत खेळवून दिवेलागणीच्या सुमारास परत येता येते. याच जुहूला १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी गांधीजी राहिले होते, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूच्या धावपट्टीवर उतरले. मात्र नोकरदार माणसाला पार्ले आपलेसे वाटले ते विमानामुळे नव्हे, आगगाडीमुळे. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि कोटातल्या कचेरीत काम करणाऱ्याला झाडाझुडपांत घर करून राहणे शक्य झाले.

पण गाडी तर कांदिवलीलाही जाते आणि मालाडलाही. मग पार्ल्याचे नाव निघाल्यावर मराठी माणसाचा चेहरा उजळतो तो कशाने? याचे उत्तर मला तेथील जुन्या संस्थांच्या स्थापनेच्या सालांत सापडले. १९२० च्या ऑगस्टात लोकमान्य गेले. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. पुढे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली येथेच सत्याग्रहींची छावणी पडली. पु. ल. देशपांडे याच वातावरणात वाढले आणि याच विद्यालयात शिकले. १९५९ साली महाविद्यालय आले, तेच आजचे साठ्ये महाविद्यालय. नाटकासाठी दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे. हे सर्व पूर्वेच्या एवढ्याशा टापूत, पायी फिरून पाहता येईल असे आहे.

आपण बडोदेकरांनी येथे थोडे थांबून विचार करावा. आपल्या शहरात काय कमी होते? श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या तज्ज्ञास बोलावून गावोगाव ग्रंथालये उभी करण्याचा पाया घातला. कलाभवन, संगीतशाळा, संग्रहालय, एकूण एक गोष्ट आपल्याला मिळाली. पण ती मिळाली राजाश्रयाने. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य निराळे झाले, आणि आपण मात्र दरबाराने दिलेल्या वाड्यांत, दरबाराने दिलेल्या आठवणींत राहत आलो. पार्ल्याला महाराज नव्हते. तेथे कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर यांनी एकत्र यावे, घरोघर जाऊन वर्गणी गोळा करावी आणि शाळा काढावी, असा प्रकार. माझ्या मते तेथील घरांना आज जो भाव आहे, त्यातील मोठा हिस्सा या वर्गणीचा आहे. तो बांधणाराने निर्माण केलेला नाही. तो फक्त विकतो आहे.

आता खरेदीच्या व्यवहाराविषयी. नवे घर घेणाऱ्यास आज कायद्याचे पाठबळ आहे. १ मे २०१७ पासून महारेराचा कारभार सुरू झाला. प्रकल्पाची नोंदणी असल्याशिवाय बांधणाऱ्याला जाहिरातही करता येत नाही. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम तो मागू शकत नाही, किंमत चटईक्षेत्रावर सांगावी लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. परंतु आमच्यासारख्यांची धाव बहुधा जुन्या इमारतीतील दोन खोल्यांपर्यंतच जाते, आणि तेथे कागद आपले आपणच तपासावे लागतात. पहिल्या मालकापासून आजवरचे सगळे करार, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, एवढे तर पाहावेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, ते मालमत्ता पत्रकावर पाहावे. १९६३ च्या कायद्याने ती करून देणे बांधणाऱ्यावर बंधनकारक असूनही कित्येकांनी दिली नाही. म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. जमीन नावावर नसेल तर उद्या इमारत पाडून नवी बांधण्याची वेळ आल्यावर सभासदांचे हात बांधलेले राहतात. मुद्रांक शुल्क मुंबईत सहा टक्के आहे. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत मिळते. आमच्याकडे सूनबाईंचे नाव लागणार, ते काही केवळ सवलतीसाठी नव्हे. पण सवलत कोणाला नको असते?

समुद्रकाठचे म्हणून काही खास प्रश्न आहेत. खारा वारा भिंतीच्या भेगांतून आत शिरतो, लोखंडी सळया गंजून फुगतात आणि वरचे सिमेंट ढलप्यांनी सुटते. घर पाहताना नव्या रंगाकडे न पाहता गॅलरीच्या खालच्या अंगाकडे, न्हाणीघराच्या छताकडे आणि गच्चीच्या कठड्याकडे पाहावे. तीस वर्षांवरील इमारतीची बांधकाम-तपासणी मुंबईत कायद्याने आवश्यक आहे; तिचा अहवाल सेक्रेटरीकडे निःसंकोच मागावा. दुसरा प्रश्न पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी या रस्त्यावर पाणी कोठवर आले होते, हे दलालाला विचारू नये, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे. तो हात लावून खूण दाखवतो. तिसरा प्रश्न उंचीचा. विमानतळ अगदी लागून असल्यामुळे पार्ल्यात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, आणि त्यापायी पुष्कळ जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडून राहिला आहे. जुहूच्या बाजूस किनारपट्टीचे १९९१ पासूनचे आणि पुढे बदलत गेलेले नियम आहेत. तेव्हा ‘दोन वर्षांत बिल्डिंग नवी होणार’ या भरवशावर कोणी जास्त पैसे मोजू नयेत.

अशाच एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जागा विकायला काढलेल्या एका वृद्ध बाईंची गाठ पडली. मी धापा टाकत टेकलो, तेव्हा पाण्याचे भांडे पुढे करीत त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, घर पाहायला आलात, तर आधी जिना मोजा. मी पंचेचाळीस वर्षे मोजते आहे.” दोन मुले, एक डोंबिवलीस आणि एक बदलापुरास. “त्यांचं बालपण इथलं, शाळा इथली. पण त्यांच्या पगारात इथली एक खोली येत नाही. आता माझ्यानं जिना होत नाही, म्हणून मीही निघाले.” त्यांचे यजमान कित्येक वर्षे गणेशोत्सवाचा जमाखर्च लिहीत असत. वर्गणीची जुनी पावतीपुस्तके अजून कपाटात होती. ती कोणाला द्यावी, हे त्यांना समजत नव्हते. निघताना त्या मुलाला म्हणाल्या, “बँकेचा हप्ता तू भरशीलच रे. पार्ल्याचा हप्ता कोण भरणार?”

हा प्रश्न मला व्यवहाराच्या सर्व कागदांहून जड वाटला. ज्यांनी हे उपनगर राहण्याजोगे केले, त्यांचीच मुले भावामुळे बाहेर पडत आहेत, आणि त्या भावाला कारण झाली आहे त्यांच्याच आईबापांची मेहनत. आणि त्यांच्या जागी येणार आम्ही, वाडा विकून आलेले. आम्ही जर केवळ तयार शाळा, तयार नाट्यगृह आणि तयार शेजार उपभोगायला येणार असू, तर वीस वर्षांनी पार्ले म्हणजे विमानतळाजवळची एक महाग वस्ती, एवढेच उरेल. २०१६ साली येथील बिस्किटांचा जुना कारखाना बंद झाला आणि स्थानकात उतरताच येणारा तो भाजलेला गोड वास गेला, तेव्हा पार्लेकर हळहळले. वास गेला तर माणूस हळहळून गप्प बसतो. व्याख्यानाला श्रोता आणि ग्रंथालयाला वाचक उरला नाही, तर हळहळायलाही कोणी राहणार नाही.

शेवटी आम्ही त्याच बाईंची जागा घेतली. तिसरा मजला मला जड जाणार हे खरे. पण जमीन सोसायटीच्या नावे आहे, तपासणीचा अहवाल बरा आहे आणि शाळा आठ मिनिटांवर आहे. नातवाचे नाव तेथे मराठी माध्यमात घालावयाचे असे सूनबाईंनीच ठरविले. सध्या तो ‘मला भूख लागली’ म्हणतो, ते सुधारेल. मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, सोसायटीच्या वार्षिक सभेस न चुकता जावयाचे आणि कमिटीत काम सांगितले तर नाही म्हणावयाचे नाही. दुसरी, पहिल्याच महिन्यात ग्रंथालयाची वर्गणी भरावयाची. ती पावतीपुस्तके बाईंकडून आम्ही मागून घेतली आहेत. खरेदीखतात त्यांचा उल्लेख नाही, परंतु घराबरोबर ती आमच्याकडे आली आहेत, आणि त्यांच्या पुढची पाने अजून कोरी आहेत.