मागे पडलेल्या मुलांचे मोजमाप

वसईच्या खाडीलगतचे मीरा-भाईंदर हे शहर मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांतून उभे राहिले. १९८५ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येने आठ लाखांचा आकडा ओलांडला होता. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शहरात शाळेची नवी इमारत सर्वांना दिसते. तिच्यात बसलेल्या मुलाला काय येते, हे मात्र मोजल्यावाचून कळत नाही.

मोजण्याचे हे शास्त्र अमेरिकेत विशेष वाढले. टेनेसी राज्याने १९८५ ते १९८९ या काळात बालवर्ग ते तिसरीपर्यंतच्या मुलांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, १३ ते १७ मुलांच्या लहान आणि २२ ते २५ मुलांच्या नेहमीच्या वर्गांत विभागले. चिठ्ठीचे मर्म असे की, हौशी पालकांची मुले एकाच बाजूस जमा होत नाहीत आणि पुढे दिसणारा फरक वर्गाच्या आकाराचाच मानता येतो. लहान वर्गांतील मुले पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना लाभ अधिक झाला.

मग आपल्याकडेही वर्ग लहान केले की काम भागले, असे म्हणावे काय? याचे उत्तर आपल्या शेजारीच, मुंबईच्या महापालिका शाळांत मिळाले.

माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' ही योजना आखली होती. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन त्यांना अक्षरओळख आणि अंकगणित शिकवीत असे. तिचे मानधन अल्प आणि प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचे. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदे येथे या योजनेची पाहणी केली. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, काहींना चौथीसाठी. त्यामुळे एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहता आली. (बॅनर्जी यांचे आजोळ मराठी, हे जाता जाता सांगण्यास हरकत नसावी. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासमवेत मिळाले.)

दुसऱ्या वर्षअखेर बालसखी असलेल्या वर्गांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. सोप्या शब्दांत, शंभर मुलांच्या रांगेत मध्यावर असलेले मूल सुमारे अकरा जागा पुढे सरकले. परंतु खरी बातमी निराळीच होती. ही वाढ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. मागची मुले उठून गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथे उरलेल्या मुलांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे वर्गाचा आकार घटला एवढ्यानेच काम झाले नाही. जे मूल जेथे अडले होते तेथून त्याला शिकविले गेले, त्याचे हे फळ होते. टेनेसीचा निष्कर्ष खोटा नव्हे, पण तो तसाच उचलून येथे लागू पडत नाही.

बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले, तेव्हा गणिताचे गुण ०.४७ ने वाढले. तथापि, दोन्ही उपक्रम थांबल्यावर वर्षभरात लाभ ०.१० इतका खाली आला. हा आकडा उपक्रमांच्या उद्घाटनप्रसंगी कोणी सांगत नाही.

मीरा-भाईंदरला याचे महत्त्व विशेष. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसविले जाते आणि गरज असल्यास विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. बांधकामावरील मजुराचे मूल वर्षाच्या मध्यात दुसऱ्या भाषेच्या मुलखातून येते आणि थेट चौथीत बसते. ते कोठे अडले आहे, हे कोणी तपासावयाचे? 'असर' ही २००५ पासूनची प्रसिद्ध पाहणी ग्रामीण भागाची, म्हणून या शहराचा आकडा तिच्यात सापडत नाही. तिचे साधन मात्र कोणत्याही शाळेस वापरता येते : अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट, असे एक पान मुलापुढे ठेवावयाचे आणि त्याला मोठ्याने वाचण्यास सांगावयाचे. एका मुलामागे काही मिनिटे लागतात.