या, पण आवणी उरकल्यावर

पावसाची पहिली सर आली, की पुण्याहून फोन सुरू होतात. ‘रविवारी भीमाशंकरला निघतोय, वाटेत तुमच्याकडे चहा!’ आमचं शिनोली आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढं, ऐन भीमाशंकरच्या रस्त्यावर. त्यामुळे नातेवाइकांच्या सहलीत आम्ही आपोआप येतो. चहाचं काही नाही हो, पण डोंगर सगळ्यांना पावसातच का आठवतो, याचं मला नवल वाटतं.

नाशिक रस्त्यानं मंचर साठेक किलोमीटर. तिथं डावीकडं वळलं, की घोडेगाव, शिनोली, डिंभे असा रस्ता डोंगरात शिरतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि तिथंच रिते होतात. भीमाशंकरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मंचरपर्यंत येईतो ढगांत फारसं उरत नाही. म्हणून तिकडं बटाटा नि कांदा, आणि डिंभ्याच्या वर भात. पुण्यात ऊन पाहून नुसत्या सदऱ्यावर निघालेली मंडळी इथं कुडकुडत उतरतात.

काही वर्षांपूर्वी जुलैत माझा भाचा मित्रांना घेऊन आला. वर धुक्यात काहीच दिसलं नाही. परतताना फोटोसाठी सगळे एका भातखाचराच्या बांधावर चढले. आवणी चालू होती. ओला बांध पायाखाली फुटला आणि पाणी नुकत्या लावलेल्या रोपांसकट खाली गेलं. शेतातल्या बाई ओरडल्या नाहीत. हातातली मूठ ठेवून बांध लिंपू लागल्या. भाच्यानं पैसे काढले, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “रोप कुठून आणू, ते सांगा.”

शहरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. भात जूनमध्ये पेरायचा, महिनाभरानं रोपं उपटून खाचरात लावायची. रोप बेतानंच केलेलं असतं. जुलैअखेर नव्यानं पेरलं, तर हंगाम हातचा जातो. पुढच्या रविवारी भाच्याला परत बोलावलं. शेजारच्या वस्तीवर थोडी रोपं उरली होती, ती आम्ही दोघांनी लावली. ओळी वाकड्या आल्या.

‘जोराचा पाऊस आहे, मजा येईल’ असं कुणी म्हणालं, तर मी सरळ नाही म्हणतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी डिंभ्याच्या पलीकडचं माळीण डोंगराखाली गेलं. 151 माणसं गेली. नेहमीच्या जागी गाव दिसत नाही, हे एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं, तेव्हा बाहेर कळलं. दिवसचे दिवस पाऊस लागला, की तीव्र उतारावरची माती पाण्यानं जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर तिथून निघावं. वाचलेल्यांना 2017 मध्ये आमडे इथं नवी घरं मिळाली. त्या बाजूला गेलात, तर कृपा करून गाडीतली गाणी बंद ठेवा.

मग यावं कधी? माझं मत विचाराल, तर सप्टेंबर सरताना. डिंभ्याचा हुतात्मा बाबू गेनू सागर भरलेला असतो. बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. आणि ज्याचं नाव तालुक्याला आहे ते आंबेगाव याच पाण्याखाली आहे, हेही काठावर उभं राहिलात की आठवा. भात पोटरीत असतो, डोंगर हिरवे असतात आणि समोरचं दिसतं!

थंडीत जुन्नरकडं वळावं. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट एका दिवसात उरकणारे महाभाग मी पाहिलेत. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखापुढं ते दोन मिनिटंही थांबत नाहीत. मे महिन्यात फारसं कुणी येत नाही. पण तेव्हाच अंगणाअंगणांत बाळहिरडा वाळत असतो, करवंदं मिळतात, आणि अभयारण्यात पहाटे गप्प बसलात तर शेकरूही दिसतं.

भाचा आता नोव्हेंबरात, झोडणी झाल्यावर येतो आणि त्याच बाईंकडून वर्षाचा तांदूळ नेतो. खाचराकडं जाताना मात्र त्या अजून त्याला बांधावरून पुढं चालू देत नाहीत.